छापील चंद्र

घाटकोपरला चंद्र नीटसा दिसत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी वॉर्ड ऑफिसात गेल्याचं ऐकिवात नाही. पाणी कमी दाबाने येतं, गटार तुंबतं, संध्याकाळी मेट्रोच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. या सगळ्याबद्दल अर्ज जातात, सह्या गोळा होतात. चंद्राबद्दल सही कोणी मागत नाही. कारण चंद्र आम्हाला घरपोच मिळतो. नवीन वर्ष जवळ आलं की तो छापून येतो, आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खिळ्यावर वर्षभर लटकतो. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं, तेव्हापासून मराठी घरातला चंद्र गच्चीवरून भिंतीवर आला, तो तिथेच राहिला.

संकष्टीला आमची आई खिडकीबाहेर बघत नाही, भिंतीकडे बघते. चंद्रोदयाची जी वेळ छापली असेल, त्या मिनिटाला नैवेद्य दाखवला जातो आणि उपास सुटतो. खरा चंद्र त्या वेळी खाडीपलीकडच्या पारसिकच्या डोंगराआड असो, ढगात असो, नाहीतर पंतनगरातल्या एखाद्या नव्या टॉवरच्या पोडियम पार्किंगमागे असो. कोजागिरीला आम्ही गच्चीवर जातो खरे, पण दुधात चंद्राचं प्रतिबिंब पडावं म्हणून पातेलं सरकवत सरकवत शेवटी पाण्याच्या टाकीपर्यंत जावं लागतं, आणि तिथेही पडतं ते बहुधा शेजारच्या बांधकामावरच्या हॅलोजनचं. तेही गोल असतं. कोणी हरकत घेत नाही.

अमावास्येचं मात्र तसं नाही. ती भिंतीवरून रस्त्यावर उतरते. सकाळी स्टेशनकडून एम. जी. रोडला लागलं की दुकानांच्या उंबऱ्याशी फुटलेले नारळ, कुंकू भरलेला चिरलेला कोहळा, नव्याने टांगलेली लिंबू-मिरची. रात्री नाक्यावर कोणाचा तरी उतारा ठेवलेला असतो: दहीभात, लिंबू, कधी एखादं अंडं. जो रिक्षावाला जन्मात खड्डा चुकवत नाही, तो हे लिंबू बरोबर चुकवतो. पौर्णिमा कधी आली-गेली ते घाटकोपरात कोणाला सांगता येणार नाही, पण ‘उद्या अवस आहे’ हे सगळ्यांना ठाऊक. ज्या दिवशी चंद्र अजिबात दिसत नाही, नेमकी त्याच दिवशी त्याची इतकी दखल घेणारं दुसरं उपनगर असेल तर ते मुलुंड असेल.

मला स्वतःला अमावास्या आवडते, आणि कारण निव्वळ व्यावहारिक आहे. त्या दिवशी कोणी फ्लॅटचा करार करत नाही, नवी गाडी उचलत नाही, सोनं घेत नाही. सबरजिस्ट्रारच्या ऑफिसात चक्क पंख्याखालची खुर्ची मिळते. सामान हलवायला टेम्पोवाला आपणहून वेळ विचारतो. माझी सगळी महत्त्वाची कागदपत्रं अमावास्येची आहेत, आणि त्यांचं काही वाईट झालेलं नाही. म्हणजे जे झालं ते पौर्णिमेलाही झालंच असतं.

बरं, चंद्र त्या दिवशी कुठे गेलेला नसतो. तो सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर घाटकोपरच्या डोक्यावरून जातो आणि सूर्याच्या मागोमाग मावळतो. त्याची उजळलेली बाजू तेवढी पलीकडे वळलेली असते. अमावास्येला चंद्राची दिवसपाळी असते, इतकंच. रात्री घाबरणारी माणसं त्याच्या गैरहजेरीला घाबरतात, आणि तो तर दुपारी बाराला त्यांच्याच डब्यावरून गेलेला असतो.

शिवाय अमावास्या सगळ्या सारख्या अशुभ नाहीत, ही आणखी सोय. आषाढातल्या अमावास्येला आई घरातली समई-निरांजनं घासून पाटावर मांडते, कणकेचे गोड दिवे उकडते. खाली त्याच वेळी मटणाच्या दुकानासमोर जी रांग लागते तिचं टोक रेल्वे फाटकापर्यंत जातंय की काय असं वाटतं, कारण उद्यापासून श्रावण. आमच्या इमारतीचा वॉचमन जौनपूरचा. त्याचा सावन पंधरा दिवस आधीच, गुरुपौर्णिमेनंतर सुरू झालेला असतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे आमची गटारी चालू असते तेव्हा तो गेटवर बसून पिशव्यांकडे वैराग्याने बघतो, आणि राखीपौर्णिमा झाली की आम्ही साबुदाणा चिवडत असताना त्याच्या खोलीतून आलं-लसणाचा वास येतो. चंद्र एक, आकाश एक, गेटसुद्धा एकच.

समोरच्या दारातले कच्छी काका नवं वर्ष आषाढी बीजेला करतात, म्हणजे त्याच आषाढाच्या शुद्ध द्वितीयेला, जेव्हा अमावास्येनंतरची पहिली बारीक कोर पश्चिमेला असल्फ्याच्या टेकडीवर अर्धा-पाऊण तास टिकते. वरच्या मजल्यावरच्या गुजराती मंडळींचं बेस्तु वरस दिवाळीतल्या अमावास्येच्या पाठोपाठ. आमचा गुढीपाडवा फाल्गुनातल्या अमावास्येच्या पाठोपाठ. चिराग नगरात ईदची कोर शोधतात तीही कुठल्या तरी अमावास्येच्या मागूनच येते. घाटकोपरातली बहुतेक नवी वर्षं अशी अमावास्येच्या खांद्यावर पाय ठेवून वर चढतात आणि मग तिलाच अशुभ म्हणतात. वर्षातला सगळ्यात मोठा धनाचा दिवस, लक्ष्मीपूजन, तोही अमावास्येलाच. त्या दिवशी मात्र सोन्याच्या दुकानात लिंबू चुकवायलासुद्धा जागा नसते.

या लक्ष्मीपूजनानेच गेली दोन वर्षं आमच्या सोसायटीत चंद्राला भिंतीवरून खाली उतरवलं.

२०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी पावणेचारनंतर लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर करायचं. आता दोन्ही संध्याकाळी अमावास्येचा काही ना काही हक्क. देशात निम्म्या लोकांनी गुरुवारी केलं, आपल्या पंचांगांनी शुक्रवार सांगितला. एकदा झालं, विसरलो. तर २०२५ ला पुन्हा तेच: २० ऑक्टोबरला दुपारी पावणेचारच्या सुमारास सुरुवात, २१ ला सहाच्या थोडं आधी शेवट. इथे तर मुंबईचा सूर्यास्त व्हायच्या आतच ती संपत होती, तरी शास्त्रार्थ लावून महाराष्ट्रातल्या पंचांगांनी २१ तारीख, मंगळवार दिला. सोसायटीच्या ग्रुपवर सात पानी लेख फिरले. कच्छी काकांनी सोमवारी पूजन उरकलं, मंगळवारी दुपारी पावणेदोनला शेअर बाजाराचं मुहूर्ताचं सत्र साधलं, आणि संध्याकाळी आमच्याकडे आमच्या पूजेचा प्रसाद घ्यायला आले. लक्ष्मीला एका जिन्यात दोन दिवस मुक्काम करावा लागला. सेक्रेटरींनी रोषणाईचं बिल बघून पंचांगकर्त्यांत एकवाक्यता का नाही, असा सवाल केला.

पंचांगकर्त्यांचा यात फारसा दोष नव्हता. दोष, द्यायचाच तर, चंद्राच्या कक्षेचा होता.

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी होते. चंद्र जर एकाच चालीने फिरता तर सगळ्या तिथ्या सारख्या लांबीच्या झाल्या असत्या आणि चौकटीत शहाण्यासारख्या बसल्या असत्या. पण त्याची वाट गोल नाही, लंबवर्तुळ आहे. पृथ्वीपासून तो सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर; जवळ येतो तेव्हा साडेतीन लाखांच्या थोडं वर, लांब जातो तेव्हा चार लाखांच्या वर. जवळ असला की झपाट्याने चालतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटपते, कधी सव्वीस तास ओलांडते. २०२४ ची दिवाळी आली ती चंद्र सगळ्यात लांबच्या टोकावरून नुकताच परतत असताना. २०२५ ची आली ती तो त्या टोकाला पोचायला दोन-अडीच दिवस असताना. दोन्ही वेळा तो अगदी सावकाश चालला होता, आणि दोन्ही अमावास्या सव्वीस तासांहून लांबल्या. सव्वीस तासांची तिथी चोवीस तासांच्या दिवसात कशी बसवणार? ती दोन संध्याकाळींना हात लावणारच. आमच्या जिन्यातला वाद मुळात चार लाख सहा हजार किलोमीटरवरून आलेला होता.

हे नवं ज्ञान नाही, याचं मला विशेष वाटतं. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं, तेव्हा चंद्राच्या या कमी-जास्त चालीचा संस्कार त्यात होताच, आणि तोही ज्या-कोटिज्यांची कटकट टाळून, साध्या गुणाकार-भागाकारांत. कोकणातल्या भटजीला पाटीवर करता यावा इतका सोपा. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं या पुस्तकावर चालली. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हा जुन्या पंचांगकर्त्यांचा नेम होता: तिथी साठ घटकांवर फार तर पाच घटका वाढते, फार तर सहा घटका घटते. म्हणजे जास्तीत जास्त सव्वीस तास. पुढे केरूनाना छत्र्यांनी युरोपातली नवी कोष्टकं आणली, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून सगळा इतिहास मांडला, टिळकांनी पंचांगशोधनाच्या सभा घेतल्या, आणि चंद्र पाच-सहा घटकांच्या नेमाबाहेरही जातो, हे मान्य करायचं की नाही यावर विद्वान माणसं हिरीरीने भांडली. दीक्षित दापोलीजवळच्या मुरुडचे, गणेश दैवज्ञांचं नांदगाव जंजिऱ्याजवळच्या मुरुडच्या शेजारचं. चंद्रावर नजर ठेवायची तर मुरुड नावाच्या गावी, निदान त्याच्या शेजारी, जन्मावं लागतं की काय, असं वाटतं. घाटकोपरचा कोणी त्या यादीत नाही.

आणि ते लंबवर्तुळ तरी जागच्या जागी राहावं? तेही हळूहळू फिरतं. त्याचं लांबट टोक सुमारे ८.८५ वर्षांत एक फेरा पुरा करतं. त्या हिशेबाने २०२९ ची दिवाळी येईल तेव्हा चंद्र बरोबर उलट, जवळच्या टोकाशी असेल, आणि अमावास्या वीसेक तासांत संपून जाईल. ज्यांना लक्ष्मीपूजनाची घाई असते त्यांनी तोवर धीर धरावा.

चंद्र जवळच्या टोकाला असताना अमावास्या आली, तर तिची खबर पंचांगाआधी खाडीला लागते. आमच्या पूर्वेला द्रुतगती मार्ग ओलांडला की मिठागरं, कांदळवन, आणि मग ठाण्याची खाडी. अमावास्येला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, समुद्र दोघांनी मिळून ओढला जातो आणि उधाणाची भरती येते. सप्तमी-अष्टमीला ते एकमेकांच्या काटकोनात असतात तेव्हा भांगाची, मरगळलेली. खाडीकाठचे कोळी ‘उधाण’ आणि ‘भांग’ या दोन शब्दांत जे जाणतात ते महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखांची यादी काढून सांगते. ती यादी आणि पंचांग शेजारी ठेवून बघा. तारखा बहुतेक अवसे-पुनवेच्या मागेपुढेच सापडतात. पावसाचं पाणी खाडीत जायचं, तर खाडीने वाट द्यायला हवी, आणि त्या तासाला ती देत नाही. तळमजल्यावरच्या काकू आकाशाकडे न बघता भरतीची वेळ विचारतात आणि गाद्या पलंगावर उचलून ठेवतात. पंचांग न मानणारी माणसं यादी मानतात. फ्लेमिंगो दोन्ही मानत नाहीत, पण ओहोटीला चिखल उघडा पडला की वेळेवर हजर होतात, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते हे त्यांना कोणी छापून दिलेलं नाही.

कक्षेची तिसरी खोड मात्र मला घरबसल्या दिसली. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. दोन्ही वाटा जिथे छेदतात त्या दोन बिंदूंना आपण राहू आणि केतू म्हणतो, आणि अमावास्या त्यांच्यापाशी घडली तरच सूर्यग्रहण लागतं. २०२२ साली लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, ते असं लागलं की मावळता सूर्य कुरतडलेला दिसला आणि पाडवा एक दिवस पुढे गेला. हे राहू-केतू उलटे सरकत सरकत १८.६ वर्षांत पूर्ण चक्कर मारतात. पत्रिकेतला राहू कायम वक्री असतो आणि एका राशीत दीड वर्ष बसतो, तो याच हिशेबाने. राहू काय काय बिघडवतो यावर वाद घाला, पण तो उलटा चालतो यावर ज्योतिषी आणि खगोलशास्त्रज्ञ यांचं एकमत आहे, जे पंचांगकर्त्यांचं आपसात नाही.

तर या चक्रामुळे चंद्र काही वर्षं सूर्याच्या मर्यादेत राहतो आणि काही वर्षं तिच्या बाहेर भटकतो. २०१५ च्या सुमारास तो इतका आवरलेला होता की महिन्यातल्या अगदी उत्तरेच्या दिवशीही मुंबईच्या बरोबर माथ्यावर येत नव्हता, थोडा दक्षिणेलाच राहायचा. २०२४-२५ मध्ये तो माथा ओलांडून नऊ-साडेनऊ अंश उत्तरेला जात होता. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ईशान्येची. ईशान्य म्हणून बिल्डरने जादा पैसे घेतले आणि समोर दोन टॉवर उभे राहिले; त्यांच्यामध्ये एक अरुंद फट उरली आहे. त्या फटीतून सूर्य कधीच येत नाही, कारण ऐन जूनमध्येही तो इतक्या उत्तरेला उगवत नाही. दहा वर्षांपूर्वी चंद्रही येत नव्हता. गेल्या दोन डिसेंबरांतल्या पौर्णिमांना मात्र तो पोळ्या लाटायच्या वेळेला बरोबर त्या फटीतून वर आला. बायकोने आधी तो हॅलोजन आहे असं म्हणून दुर्लक्ष केलं. मग तो हलला. आता हा योग पुन्हा २०४३ च्या सुमाराला; तोवर ती फट राहील याची हमी राहूसुद्धा देणार नाही.

आणि हे सगळं करत असताना चंद्र दूर चालला आहे. भरती-ओहोटीच्या घासाघाशीत पृथ्वीची फिरकी मंदावते आणि ती ताकद त्याच्या पदरात पडते. दर वर्षी तो ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ आणि १९७१ मध्ये तिथे ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून हे मोजलं जातं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये उतरलेल्या आपल्या विक्रम लँडरवरही तसाच एक छोटा आरसा आहे. गणेश दैवज्ञांनी ग्रहलाघव लिहिलं तेव्हापासून आजवर चंद्र साधारण एकोणीस मीटर दूर गेला आहे. म्हणजे पाचशे वर्षांत सहा मजले. पंतनगरात एवढं काम पुनर्विकासवाले एका मोसमात करतात, तेही उलट दिशेने, त्यामुळे एकंदरीत घाटकोपर चंद्राच्या जवळच चाललं आहे असं म्हणायला हरकत नाही.

यंदाचं, २०२६ चं, पान मी उलटून बघितलं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. बारा चांद्रमासांचं वर्ष सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट साधारण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी एक महिना घालून भरावी लागते. चंद्राचा हिशेब चुकतो आणि सासुरवाडीहून तेहतीस अनारसे मिळतात. जावई म्हणून माझी या पद्धतीबद्दल काही तक्रार नाही. अधिक महिन्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात ढकलली गेली आहे. अमावास्या ८ तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास लागते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला संपते. संध्याकाळ एकच मिळते, त्यामुळे वादच नाही. कच्छी काका, वरचे गुजराती, जौनपूरचा वॉचमन आणि आम्ही, सगळ्यांचं लक्ष्मीपूजन एकाच संध्याकाळी.

ही बातमी मी उत्साहाने सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितली. सेक्रेटरींनी मोबाइल काढून तारीख बघितली. ८ नोव्हेंबर रविवार निघाला, पाडवा मंगळवारी, आणि मधला ९ तारखेचा सोमवार नुसताच पडतर, ऑफिस चालू. खोलीत शांतता पसरली. मग ते म्हणाले, “इतकी वर्षं भांडत होते, यंदाच यांचं एकमत व्हायला काय झालं होतं?”